बंदूक विकत घ्यावी की जोडावी

आमच्या मालकांच्या घरात एकाही वस्तूला एक बाप नव्हता. हे वाक्य माझं नाही, त्यांचंच आहे, आणि ते अभिमानानं सांगायचे. त्यांची स्कूटर तीन स्कूटरी मोडून उभी राहिली होती. पंख्याची पाती एका कंपनीची आणि मोटर दुसऱ्या कंपनीची, त्यामुळे बटण दाबलं की तो आधी थोडा विचार करायचा आणि मग फिरायला लागायचा. आमच्या खोलीतला नळ उलटा फिरायचा. नवा पाहुणा नळ घट्ट बंद करायला जायचा आणि अंगावर पाणी घ्यायचा. आई पहिल्याच दिवशी तक्रार घेऊन गेली, तेव्हा मालक म्हणाले, "बाई, नळ बरोबर हाय. तुमाला दुकानातल्या नळाची सवय लागलीय."

मालक म्हणजे आमचे घरमालक. आम्ही लातूरकडून आलो तेव्हापासून पुण्याजवळ चिखलीत त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राहतो. माझे वडील तळवड्याला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्याकडून सगळ्यांच्या बऱ्याच अपेक्षा होत्या आणि त्या नेमक्या काय आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी काही धीट मुलगी नव्हते. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर व्हायचा नाही. मालकांबद्दल लिहावं असं खूप दिवस मनात होतं, पण त्यांच्यासारख्या माणसाला कागदावर सरळ उभं करणं मला जमेल का, याची आजही खात्री नाही.

ते मूळचे चिखलीचेच. त्यांची शेती रस्त्यात आणि कंपन्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. शेती होती तोवर ते स्वतःचा कांदा चाकणच्या बाजारात न्यायचे आणि उरलेला रस्त्याच्या कडेला बसून विकायचे. आता शेती नव्हती, पण सकाळी लवकर उठायची सवय होती. मग लोक देवळात जातात तसे ते कुदळवाडीच्या भंगार बाजारात जायचे. येताना पिशवीत काहीतरी असायचंच. आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, पिशवीत डोकावून विचारायच्या, "आज कुणाचं मढं आणलं?"

एखादी वस्तू हवी झाली की मालक ती लगेच विकत घ्यायचे नाहीत आणि लगेच जोडायलाही बसायचे नाहीत. घ्यावी की जोडावी, हा प्रश्न ते अंगणात आणून ठेवायचे. संध्याकाळी शिफ्टवरून परतणारा प्रत्येक भाडेकरू त्यात अडकायचा. ओव्हरटाइम करून आलेला माणूस डबा हातात घेऊन उभा राहायचा आणि मालक त्याला वॉशिंग मशीनच्या दोन्ही बाजू समजावून सांगायचे. मला वाटतं, वस्तू घरात येण्यापेक्षा हा मधला काळच त्यांना जास्त आवडायचा. त्यांचा मुलगा वाकडला उंच इमारतीत राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे. तो फोनवर म्हणायचा की आप्पा, ऑनलाइन मागवतो, परवा दारात येईल. मालक म्हणायचे, "परवा आली तर इचार कधी करायचा?"

बंदुकीची गोष्ट मात्र वेगळी होती. ती त्यांना लहानपणापासून हवी होती. त्यांच्या भावकीत एका घरी परवान्याची बंदूक होती. ती माणसं लग्नाकार्यात ती भिंतीवरून काढून पुसायची आणि पुन्हा अडकवायची, एवढंच. पण त्या घरच्या पोरांना गावात वेगळा मान होता. मोठेपणी मालकांनी परवान्यासाठी एकदा विचारणा केली, तेव्हा तुम्हाला कुणापासून धोका आहे असं त्यांना विचारलं गेलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, कुणापासून नाही. प्रकरण तिथंच संपलं. निवडणूक लागली की भावकीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, तेव्हा मालक आठवडाभर खुशीत असायचे. "परवाना त्यांचा, पण बंदूक बसलीय चौकीत," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आणि मग मी कॉलेजात नेमबाजीत नाव घातलं. ते माझ्या मैत्रिणीमुळे. ती दोन आठवड्यांत कंटाळून गेली आणि मी राहिले. आमच्या कॉलेजच्या तळघरात दहा मीटरची रेंज आहे. तिथं कुणी बोलत नाही, कुणी उत्तर विचारत नाही. उभं राहायचं, श्वास सोडायचा आणि छऱ्याचं छोटं भोक कागदावर कुठं पडलं ते बघायचं. मला ते फार आवडलं. एकदा अंगणात कपडे वाळत घालताना मी आक्कांना सांगत होते की ही हवेची बंदूक असते, खेळाची, तिला परवाना लागत नाही. पलीकडे स्कूटरखाली झोपलेले मालक तसेच सरपटत बाहेर आले.

"परवाना लागत न्हाई?"

मी म्हटलं, नाही.

"आन लागत न्हाई हे मला आज सांगतीस?"

त्या संध्याकाळी अंगणात बंदूक आली, म्हणजे प्रश्न आला. तयार रायफल विकत घ्यावी, की किट आणून जोडावी. किटमध्ये नळी, हवेची टाकी, ट्रिगर, सगळे लोखंडी भाग तयार मिळतात. लाकडी दस्ता, म्हणजे गालाखाली आणि खांद्याला येणारा भाग, मात्र आपला आपण करायचा. मी त्यात कशी आले तर मालकांनी एका वाक्यात व्यवस्था लावली, "बंदूक माझी, नेम तुझा." त्यांना स्वतःला नेम धरायचा नव्हता. हात कापतात, हे ते सांगत नव्हते, पण चहाची बशी सांगायची.

मला रायफलची गरज होतीच. विद्यापीठाच्या निवडचाचण्या हिवाळ्यात होत्या आणि कॉलेजच्या रायफली सगळ्या उजव्या हाताच्या होत्या. मी जन्माची डावरी. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की आजी पळी मारायची, त्यामुळे जेवण आणि अक्षर उजवीकडे गेलं. डोळा मात्र गेला नाही. आमच्या कोच मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं की नेम धरताना माझा डावा डोळाच पुढे होतो आणि मला रायफल डाव्या खांद्याला हवी. पण तशी आमच्याकडे नव्हती. उजव्या खांद्यावर ठेवून, डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावून मी मारायचे. मागच्या वर्षी चाचणीत थोडक्यात राहिले. मॅडम म्हणाल्या होत्या की यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी नव्या मुलींना जागा द्यावी लागेल. त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या. पण तळघरातली ती शांतता माझ्या हातून जाणार, एवढंच मला ऐकू आलं.

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. मालकांना सांगितलं, कारण ते उत्तर देण्याची घाई करत नाहीत.

तरीही निर्णयाला त्यांनी सगळा पावसाळा घेतला. मला घेऊन पुण्यातल्या दुकानात गेले. तिथली प्रत्येक रायफल हातात घेतली, वास घेतला, स्क्रू मोजले, दुकानदाराला ही आतून कशी आहे असं विचारलं. त्यानं सांगितलं, आतून उघडली तर वॉरंटी जाते. मालकांना हे फार लागलं. परतताना सगळ्या वाटेत तेच, की स्वतःच्या वस्तूचं पोट बघायची चोरी. पण दुसऱ्या दिवशी बाजू बदलली. विकतची वस्तू बिघडली तर निदान दुसऱ्याला शिव्या देता येतात, म्हणाले. जोडलेली बिघडली तर कुणाला देणार? माझे वडील विकतच्या बाजूचे होते. दिवसभर प्रेसवर एकसारखे भाग काढणाऱ्या माणसाचा एकसारखेपणावर विश्वास बसतो. शेवटच्या खोलीतला, सीएनसी मशीन चालवणारा भाडेकरू किटच्या बाजूचा होता. आक्का म्हणायच्या, काहीही आणा, पण आधी त्या बंदुकीनं स्वयंपाकघरातला उंदीर मारा.

शेवटी ठरलं ते माझ्या डाव्या खांद्यावरून. डाव्या हाताची तयार रायफल मागवावी लागणार होती आणि ती कधी येईल हे दुकानदार सांगत नव्हता. मुलगा फोनवर म्हणाला की उजवीच घ्या, तिला सवय आहेच की. मालकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"दुकानातली बंदूक तुला वळवणार," ते म्हणाले. "लई वळलीस आता. किट आणू."

किट आलं त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खोकं न उघडता आधी पोलीस चौकीत नेलं. बंदूक आलीय, नोंद करून घ्या. हवालदारांनी खोक्यावरचं चित्र बघितलं आणि हिची नोंद लागत नाही, घरी जा, असं सांगितलं. मालक हटेनात. शेवटी हवालदार म्हणाले की काका, कबुतरं उडवायची बंदूक आहे ही. मालक घरी आले ते तोंड पाडून. दोन दिवस खोकं कोपऱ्यात पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी मॅडमकडून एक वापरलेलं कागदी टार्गेट आणून त्यांना दाखवलं. मधला ठिपका टाचणीच्या टोकाएवढा असतो. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, ठिपक्यावर नख ठेवलं. मग म्हणाले, "हवालदाराला कबुतर तरी लागंल का?" आणि खोकं उघडलं.

लोखंडाचं काम लवकर झालं. दस्त्याला मात्र त्यांनी जीव लावला. लाकूड कुठलं घ्यायचं, यावर पुन्हा अंगण भरणार असं वाटलं, पण त्यांनी कुणाला विचारलंच नाही. मागच्या पत्र्याखालून त्यांनी गाडीचं जुनं जू काढलं. बाभळीचं, बैलांच्या मानांनी गुळगुळीत झालेलं. शेती विकली तेव्हा बैल गेले, गाडी गेली, जू तेवढं ठेवलं होतं. आक्का दारात आल्या, बघितलं, आत गेल्या. त्यांनी टोमणा मारला नाही असा तो एकच प्रसंग मला आठवतो.

मग माझं माप. रोज संध्याकाळी मी मॅडमचं जाडजूड नेमबाजीचं जॅकेट घालून अंगणात उभी आणि मालक गालापाशी, खांद्यापाशी पेन्सिलनं खुणा करणार. भाडेकरूंची करमणूक. पोरीला बैलगाडीला जुंपताय का मालक, असं कुणीतरी म्हणायचंच. ते कानस मारायचे, मला गाल टेकवायला सांगायचे, परत कानस. जुवात शिवळ घालायचं एक भोक होतं, बैलाच्या मानेशेजारची खुंटी त्यातून जायची. ते भोक त्यांनी दस्त्याच्या खालच्या अंगाला तसंच राखलं. त्याच्या कडा घासल्याही नाहीत. काम करताना कधीतरी ते त्या भोकात बोट घालून नुसतेच बसायचे.

आणि रायफल मला बसली. हे कसं लिहावं कळत नाही. मी डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला, डोळा उघडला आणि नेम धरायच्या बारीक छिद्रातून टार्गेट समोरच होतं. शोधावं लागलं नाही. मॅडमनी तळघरात माझे कागद बघितले आणि फक्त म्हणाल्या, "आता बोलू नकोस, मारत राहा." मी तशीही बोलत नव्हते.

एक नियम होता. रायफल साडेपाच किलोच्या आत हवी. मी मालकांना तो पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि त्यांनी लक्षातही ठेवला होता. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कांद्याचा तराजू काढला आणि पडवीच्या तुळईला टांगला. एका पारड्यात साडेपाच किलोची वजनं, दुसऱ्यात दोरीनं बांधलेली रायफल. रायफलचं पारडं अलगद खाली गेलं. मालकांनी मान हलवली, "साडेपाच. नीट भरली." माझे वडील शेजारी होते, त्यांनीही मान हलवली. मीही हलवली असेन.

आज हे वाचणाऱ्याला हसू येईल. पण मालकांनी आयुष्यभर कांदा मोजला तो असाच. गिऱ्हाइकाच्या मालाचं पारडं खाली गेल्याशिवाय त्यांचं माप पुरं व्हायचं नाही. काटा मधोमध थांबला तर त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं, आणखी एक कांदा वर पडायचाच. आमच्याकडे लातूरलाही तूर अशीच मोजतात. तराजूपुढे उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही ते खाली गेलेलं पारडं बरोबरच दिसलं.

चाचणी पुण्यातल्या एका कॉलेजच्या रेंजवर होती. सकाळी आधी हत्यारांची तपासणी. टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्यामागे एक तरुण परीक्षक. त्यानं रायफल ठेवली, आकडा बघितला, उचलून पुन्हा ठेवली.

"जास्त भरतेय."

"जास्त कशी?" मालक म्हणाले. "साडेपाचच हाय. जराशी झुकती आसंल."

"काका, इथं झुकती चालत नाही."

तो उद्धटपणे बोलला नव्हता. पण मालकांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा माप चोरताना पकडलं होतं. परीक्षकानं सांगितलं की माझी फेरी दुपारी आहे, तोवर वजन कमी करून आणली तर पुन्हा तपासेन. मॅडम मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांनी कॉलेजची एक रायफल सोबत आणली होती, तपासून झालेली. "मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "ही घे आणि उजवीकडून मार. घाईघाईत कापलेल्या दस्त्यावर भरवसा नको."

मी रायफल हातात घेतली. तिचं वजन बरोबर होतं, रंग चकचकीत होता. मी ती उजव्या खांद्याला लावूनही बघितली. डाव्या डोळ्याला आपली पट्टी आठवली आणि तो आपोआप मिटला.

पार्किंगमध्ये मालकांनी आमची रायफल स्कूटरच्या सीटवर आडवी ठेवली होती. डिकीतून करवत, पटाशी, कानस काढून ओळीनं मांडली होती, पण हात लावला नव्हता. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "दोनच जागा हायेत. गालापासनं काढलं तर भोक ऱ्हातं, पण तुझं माप जातं. खालनं काढलं तर माप ऱ्हातं." खालनं म्हणजे भोकाची जागा.

मी वाट बघितली. मला वाटलं तेच ठरवतील. मोठी माणसं ठरवतात आणि आपण मान हलवतो, ही माझी सवय. मालकांनी बंदुकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सांग. मला न्हाई ठरवता येत."

मागे मॅडम कॉलेजची रायफल घेऊन उभ्या होत्या. मी आजवर माझ्याहून मोठ्या माणसाला कधी काही करायला सांगितलं नव्हतं, आणि हे तर त्यांच्या बैलांचं लाकूड होतं.

"खालून कापा," मी म्हटलं.

त्यांनी लगेच करवत घेतली. बाभूळ कठीण असते, सहज कापली जात नाही. करवत जागेवरून सरकायला लागली, म्हणून मॅडमनी कॉलेजची रायफल माझ्याकडे दिली आणि खाली बसून दस्ता दोन्ही हातांनी धरला. शिवळाच्या भोकाचा तुकडा पडला तेव्हा मालकांनी तो उचलला नाही. आधी कापलेल्या कडेवर कानस मारली, मग पॉलिश पेपर. मग मला म्हणाले, गाल टेकव. मी टेकवला. डोळ्यासमोर भिंतीवरची पार्किंगची पाटी आली, सरळ.

काट्यावर आकडा साडेपाचच्या आत आला. परीक्षक म्हणाला, ठीक आहे.

दुपारी मी कसं मारलं ते फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की कुठलाही डोळा मिटावा लागला नाही. निवडलेल्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यांत खाली होतं, पण होतं. मॅडमनी पाठीवर थाप मारली आणि वडिलांना फोन लावून दिला. त्यांच्या मागे प्रेसचा आवाज येत होता, म्हणून बातमी दोनदा सांगितली आणि फोन ठेवला.

मालक आत आलेच नव्हते. ते स्कूटरपाशी बसून होते. मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि स्कूटर सुरू केली. येताना मी मागे बसले होते, रायफलची पिशवी छातीशी धरून. नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी मान वळवून विचारलं, "भोक गेलं. वाईट वाटलं का तुला?"

मी विचारलं, "तुम्हाला?"

सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मालकांनी त्याला हातानं थांब अशी खूण केली.

"वाटलं," ते म्हणाले. "पर तू ऱ्हाऊ द्या म्हनाली आसतीस, तर लई वाटलं आसतं."